जॅक उचलतो, पेलत नाही

(मिरकरवाडा येथील रात्रीच्या साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज पाटी बाजूला ठेवा. आज धडा नाही. आज आम्ही बोलणार आणि तुम्ही ऐकणार. पुढे हे बोलणे छापून तुमच्या हाती येईल. तेव्हा ते तुम्ही आपल्या डोळ्यांनी वाचा, आणि घरी ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

त्याचे असे झाले. गेल्या आठवड्यात वर्ग सुटला. सगळे घरी गेले. एक मावशी मात्र दारापाशी थांबल्या. त्या बंदरावर मासे विकतात. आम्ही विचारले, "काय मावशी, आज घाई नाही वाटतं?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझा मुलगा टेम्पोवर क्लिनर म्हणून लागलाय. मासे घेऊन कोल्हापूरला जातो. परवा रात्री घाटात चाक बदललं म्हणाला. गाडीखाली शिरलो होतो, असं हसत हसत सांगत होता. मला काय झोप आली नाय. तुम्ही त्याला चार शब्द सांगा."

आम्ही लगेच हो म्हटले. पण एकट्या त्या मुलाला सांगून भागायचे नाही. तुम्हां सर्वांनाच सांगितले पाहिजे. का, ते पुढे कळेल.

आपला मिरकरवाडा तुम्हांला आम्ही काय सांगावा? एका बाजूला रत्नदुर्ग, समोर मिऱ्याचा डोंगर, मध्ये आपले बंदर. जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. मग नारळी पौर्णिमा आली की बंदर जागे होते. होडीतून मासळी उतरते, पण ती काही पायांनी चालत बाजाराला जात नाही. तिला बर्फ लागतो, खोके लागतात, आणि गाडी लागते. पाली, साखरपा, आंबा घाट करीत गाडी कोल्हापूरला पोचते. हातखंब्याला वळली की मुंबईच्या किंवा गोव्याच्या वाटेला लागते. म्हणजे आपले पोट समुद्रावर आहे तसेच ते चाकांवरही आहे. आणि चाक म्हटले की पंक्चर आले. पंक्चर म्हटले की जॅक आला.

तर आज त्या जॅकविषयी बोलायचे.

आम्ही बसलो होतो ते चाक

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला बरे वाटत नाही. पण सांगितली पाहिजे.

१९९८ सालचा डिसेंबर महिना. आम्हांला कोल्हापूरला मेहुण्यांकडे जायचे होते. पहाटेची एस.टी. चुकली. बंदरावरून एक ४०७ टेम्पो मासे भरून निघत होता. त्यावरचा क्लिनर आमच्याच शाळेतला. चौथी झाली आणि शाळा सोडून कामाला लागला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. आम्हांला पाहून म्हणाला, "गुरुजी, चला की आमच्याबरोबर. पुढे जागा आहे."

आम्ही चढणार, तोच मागचे आतले चाक बसलेले दिसले. मागे दोन-दोन चाके असतात, ती तुम्हांला ठाऊक आहेत. ड्रायव्हर वैतागला. मासळी भरलेली, बर्फ वितळतोय, व्यापारी वाट पाहतोय. त्याने भराभर जॅक काढला. जॅक आखूड पडला, आसापर्यंत पोचेना. मग बाजूला पडलेला जांभ्याचा एक चिरा आणला. चिऱ्यावर जॅक ठेवला. गाडी उचलली. दोन्ही चाके काढली. ती आडवी करून एकावर एक रस्त्याच्या कडेला ठेवली. आम्ही उभे होतो. क्लिनर म्हणाला, "गुरुजी, बसा ना चाकावर." आम्ही बसलो.

एवढ्यात त्याला आतल्या बाजूला तेल ओघळलेले दिसले. ब्रेकची नळी गळते की काय, म्हणून तो पाहू लागला. बाहेरून दिसेना. तेव्हा तो पाठीवर झोपला आणि छातीपर्यंत गाडीखाली सरकला. आम्ही म्हटले, "अरे, सांभाळ." तो आतूनच म्हणाला, "काय होत नाय गुरुजी. एका मिनिटाचं काम आहे."

एक मिनिटही झाले नसेल. मडके फुटावे तसा आवाज झाला. चिरा दुभंगला. जॅक कलला आणि गाडी खाली आली.

माणसे धावली. दुसऱ्या गाडीचा जॅक आणला. त्याला बाहेर काढले. सगळे मिळून फार वेळ गेला नसेल. पण छातीवर टनाचे ओझे आले म्हणजे माणसाला श्वास घेता येत नाही. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही.

मंडळी, आता नीट ऐका. आम्ही ज्या दोन चाकांवर बसलो होतो, ती चाके त्याच्यापासून दोन हातांवर होती. तीच चाके, तशीच एकावर एक, गाडीच्या पोटाखाली सरकवली असती, तर? तर गाडी खाली येताना बहुधा त्या चाकांवर टेकली असती. पोराला खरचटले असते, आणि आज तो चाळिशी ओलांडलेला बाप्या आपल्या बंदरावर दिसला असता. चाके सरकवायला पैसा लागत नव्हता. विद्या लागत नव्हती. फक्त आम्ही उठायला हवे होते.

आम्ही त्याच्या आईला पुष्कळ दिवसांनी हे सांगितले. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हांला तरी काय ठाऊक होतं?" तिने दोष दिला नाही. पण तेच वाक्य आम्हांला टोचते. कारण आम्हांला ठाऊक होते. चिरा कसा फुटतो ते आम्ही आपले घर बांधताना पाहिले होते. जॅक कसा चालतो ते आम्ही मॅट्रिकच्या पुस्तकात वाचले होते, आणि त्यावर मार्कही मिळवले होते. पण त्या वेळी मनात आले, ड्रायव्हर जाणता माणूस, आपण पडलो मास्तर. गाडीतले आपल्याला काय कळते? असे म्हणून गप्प बसलो.

म्हणून आम्ही आज बोलतो आहोत.

जॅक कसा चालतो?

जॅक दोन प्रकारचे समजा. एक आट्यांचा. त्याला स्क्रू जॅक म्हणतात. दांडा फिरवला की आटे फिरतात आणि गाडी वर जाते. छोट्या मोटारीत कात्रीसारखा उघडणारा जॅक मिळतो, तो याच जातीचा. दुसरा तेलाचा. तो बाटलीसारखा उभा असतो. टेम्पो-ट्रकवाले बहुधा हा वापरतात.

तेलाच्या जॅकची गंमत पाहा. एक माणूस हाताने दांडा दाबतो आणि मासळीने भरलेला टेम्पो उचलला जातो. ही काय जादू आहे? जादू नाही. फ्रान्स देशात पास्कल नावाचा विद्वान होऊन गेला. तो १६६२ साली वारला. बंद भांड्यातल्या पाण्याला एका ठिकाणी दाबले, तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे १७९५ साली ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने त्यावरून दाब देणारे यंत्र केले. आपला तेलाचा जॅक हा त्याच यंत्राचा नातू.

हे समजायला शिमग्याच्या दोन पिचकाऱ्या घ्या. एक बारीक, एक जाड. दोन्हींत पाणी भरा आणि त्यांची तोंडे नळीने जोडा. आता बारीक पिचकारीचा दट्ट्या दाबा. जाडीचा दट्ट्या वर येईल. जाड दट्ट्या बारकाच्या २० पट रुंदावलेला असेल, म्हणजे त्याच्या तोंडाची जागा २० पट असेल, तर तुम्ही ५० किलोचा जोर लावा, तिकडे १००० किलो उचलले जातील. एक टन! मात्र फुकट काही मिळत नाही. बारीक दट्ट्या २० बोटे खाली जाईल तेव्हा जाड दट्ट्या एक बोट वर येईल. म्हणून तर जॅकचा दांडा पुन्हा पुन्हा हाणावा लागतो.

आता विचार करा. गाडी वर गेली. तिचे ओझे कशावर आहे? लोखंडावर? नाही. ते ओझे तेलावर आहे. ते तेल कोणी अडवले आहे? रबराच्या एका कड्याने आणि आतल्या लहानशा छऱ्याने. छऱ्याखाली रेतीचा एक कण अडकला, कडे जुने होऊन चिरले, की तेल वाट काढते. मग गाडी हळूहळू तरी बसते, नाहीतर एकदम बसते. केव्हा बसेल ते सांगता येत नाही.

आट्यांच्या जॅकमधून तेल गळत नाही हे खरे. पण त्याचा पाय अरुंद असतो. गाडी चार बोटे पुढे-मागे सरकली तरी तो आडवा होतो.

म्हणून आमचे सांगणे एका ओळीत आहे. जॅक उचलतो, पेलत नाही. उचलायचे काम त्याचे. पेलायचे काम दुसऱ्याचे.

टेकू द्या

हे तुम्हांला नवीन नाही. पावसाळ्याआधी होडी वर ओढतात. दोरखंडाने ओढतात, सगळे जोर लावतात. होडी जागेवर आली की तांडेल काय ओरडतो? "टेकू आणा!" दोन्ही बाजूंना टेकू लागल्याशिवाय कोणी होडीच्या बुडाखाली जातो का? दोराने ओढलेली होडी दोराच्या भरवशावर कोणी सोडतो का? नाही. तुमचे आजे-पणजे हे जाणत होते. मग गाडीला टेकू का नको?

गाडीच्या टेकूला गॅरेजात घोडी म्हणतात, कोणी स्टँड म्हणतात. लोखंडाचे तीन-चार पाय आणि मध्ये वर-खाली होणारा खांब. खांबाला भोके असतात. हव्या त्या उंचीला खांब आणायचा आणि भोकात लोखंडी खीळ घालायची. खीळ घोडीची स्वतःचीच हवी. तिच्याऐवजी खिळा किंवा जुना बोल्ट घालू नका. घोडीला तेल नाही, रबर नाही, छर्रा नाही. लोखंडावर लोखंड. म्हणून ती पेलते. तिची किंमत टेम्पोच्या एका नव्या टायरपेक्षा कमी असते. मालकांनो, टायर तुम्ही घेताच. घोड्यांची एक जोडी घ्या.

आणि घोडी नसेल तर? तर गाडीखाली जायचे नाही. चाक बदलायला गाडीखाली जावे लागतच नाही. बाहेर बसून चाक बदलता येते. त्यातही चाक काढले की ते, नाहीतर स्टेपनी, आडवी करून गाडीच्या पोटाखाली सारून ठेवा. नवे चाक बसवायच्या वेळी ती ओढून घ्या. आमच्या डोळ्यांदेखत जे झाले नाही, ते तुम्ही करा.

मोठ्या आगारात काय करतात, माहीत आहे? तिथे जमिनीत लांब खड्डा बांधलेला असतो. गाडी आपल्या चाकांवर उभी राहते आणि कारागीर खड्ड्यात उतरून काम करतो. म्हणजे जाणते लोकसुद्धा जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपत नाहीत.

चिऱ्याचा भरवसा धरू नका

आपल्याकडे हाताला काय लागते? जांभ्याचा चिरा. आमचे चिऱ्याशी वैर नाही. आमचे घर चिऱ्याचेच आहे. पण भिंतीत चिऱ्यावर जे ओझे येते ते साऱ्या चिऱ्यावर पसरून येते. जॅकचा पाय असतो तळहाताएवढा. टनाचे ओझे त्या तळहाताएवढ्या जागेत येते. जांभा सच्छिद्र दगड. आत कुठे पोकळी आहे, कुठे चीर आहे, ते बाहेरून दिसत नाही. तो वाकत नाही, आधी सूचना देत नाही. एकदम फुटतो. विटेचे आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्याचेही तसेच.

मग जॅकच्या खाली काय ठेवावे? सागाची किंवा दुसऱ्या टणक लाकडाची जाड, रुंद फळी. ती जॅकच्या पायापेक्षा चांगली मोठी हवी. रेतीत, चिखलात, लाल मातीत जॅक खचतो. उन्हाने तापलेल्या डांबरातही खचतो. फळीने ओझे पसरते. ही फळी गाडीतच ठेवा. आणि जॅकच्या डोक्यावर काही ठेवू नका. दगड नको, लाकडाचा तुकडा नको. जॅक आखूड पडतो, तर तो त्या गाडीचा जॅक नव्हे. दुसरा आणा.

काम कसे करावे?

आता ओळीने सांगतो. हात धुण्याआधी जेवायला बसत नाही, तसा यातला क्रम मोडायचा नाही.

पहिले. जागा पाहा. जमीन सपाट आणि टणक हवी. घाटात उतारावर चाक बसले, तर तिथेच जॅक लावू नका. हळूहळू सपाट जागेपर्यंत गाडी न्या. टायर फाटेल. फाटू द्या. टायर पुन्हा मिळतो. बंदरावर मासळीच्या पाण्याने जमीन बुळबुळीत असते. तिथेही नको. रात्र असेल तर गाडीचे चारी दिवे लुकलुकते ठेवा आणि मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवा.

दुसरे. गाडीतली माणसे उतरवा. उतरवता येत असेल तर मालही उतरवा. मुलांना लांब उभे करा.

तिसरे. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. गाडी गिअरमध्ये ठेवा. किल्ली आपल्या खिशात घाला.

चौथे. चाकांना पाचर लावा. जे चाक उचलायचे नाही, त्याला पुढून आणि मागून, दोन्हींकडून लावा. कोणी म्हणेल, गिअर आहे, ब्रेक आहे, पाचर कशाला? त्याचे कारण असे. टेम्पोच्या इंजिनाचा जोर बहुधा मागच्या चाकांवर येतो. मागचे एक चाक हवेत गेले की ते मोकळे फिरते. मग जमिनीवरचे दुसरे चाकही फिरू शकते. अशा वेळी गिअर गाडीला धरू शकत नाही. जुना हँडब्रेक एकटा किती धरणार? गाडी हललीच तर जॅक गेलाच. पाचर लाकडाची चांगली. नसेल तर मोठा, कोनाचा काळा दगड घ्या. गोल धोंडा नको, तो घरंगळतो.

पाचवे. चाकाचे नट आधीच सैल करा. चाक जमिनीवर असतानाच, पण अर्धाच फेरा. पूर्ण काढू नका. गाडी उचलल्यावर पान्याला लोंबकळून जोर करणे म्हणजे गाडी आपल्याच अंगावर ओढणे.

सहावे. जॅक योग्य जागी लावा. ट्रक-टेम्पोला पाट्याजवळ, आसाखाली. छोट्या मोटारीला खाली जागा ठरवून दिलेली असते. इंजिनाच्या तेलाच्या तव्याखाली लावू नका. जॅकचे डोके आणि गाडीची ती जागा पुसून घ्या. मासळीचे तेल, ग्रीस, चिखल असला की जॅक निसटतो.

सातवे. हळूहळू उचला. जॅक सरळ उभा आहे ना, हे दर चार दांड्यांनी पाहा. किंचित कलला तरी गाडी खाली घ्या आणि पुन्हा मांडा. कललेला जॅक पायाने ठोकून सरळ करू नका. चाक सुटेल एवढेच उचला. जास्त उंची म्हणजे जास्त धोका.

आठवे. खाली काम करायचे असेल तर घोडी लावा. जॅक थोडा सैल सोडून गाडीचे ओझे घोडीवर घ्या. मग बाहेर उभे राहून गाडीला हाताने हलवून पाहा. डुगडुगली तर पुन्हा मांडा. ती आता डुगडुगली तर बरेच झाले. तुम्ही खाली असताना डुगडुगायला नको. जॅक काढू नका. घोडीजवळच राहू द्या. एकाला दोन बरे.

नववे. गाडी उचललेली असताना इंजिन चालू करू नका. आत कोणी चढू नका.

दहावे. चाक बसवले की नट हाताने लावा. मग पान्याने आवळा. एकामागून एक ओळीने नको. एक इकडचा, एक त्याच्या समोरचा, असे आवळा. म्हणजे चाक सरळ बसते. शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर द्या. थोडे अंतर गेल्यावर थांबून नट पुन्हा पाहा.

अकरावे. गाडी खाली घेण्याआधी वाकून पाहा. खाली कोणाचा हात नाही ना? पाना राहिला नाही ना? मोठ्याने सांगा, "गाडी खाली येतेय." मग जॅकचा खिट्टा अगदी थोडा, हळूच फिरवा. एकदम मोकळा सोडू नका.

जॅकवर काय लिहिले आहे?

आता तुमच्या वाचनाचा उपयोग सांगतो. घरी किंवा गाडीवर जॅक असेल तो पाहा. त्यावर एक आकडा असतो. तो बहुधा इंग्रजी असतो. घाबरू नका. इंग्रजी दोन आणि तीन आपल्या दोन-तीनसारखेच दिसतात. पाच मात्र निराळा, तो शिकून घ्या. आकड्यापुढे टी हे इंग्रजी अक्षर असते. खांबावर आडवे लाकूड ठेवावे तसे ते दिसते. ते टनाचे अक्षर. एक टन म्हणजे १००० किलो. दोन आणि टी असे असेल तर तो जॅक २ टनांचा. त्याहून जास्त ओझे त्याच्यावर घालायचे नाही.

गाडीच्या कागदावर, म्हणजे आर.सी. बुकावर, दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, एक भरलेल्या गाडीचे. भरलेले वजन वाचा. त्याला १००० ने भागा. किती टन झाले? तेवढ्या ताकदीचा जॅक असला म्हणजे काळजी नाही. एका वेळी सगळी गाडी आपण उचलत नाही हे खरे. पण चार आणे जास्त असलेले बरे. घोडीवरही असाच आकडा असतो. तोही वाचा. ज्याला हा आकडा वाचता येतो त्याला कोणी "चालतंय रे" म्हणून फसवू शकत नाही.

जॅकची निगाही ठेवा. आपल्याकडे खारा वारा. त्यात मासळीचे पाणी. लोखंड लवकर गंजते. काम झाले की जॅक पुसा, दट्ट्या पूर्ण खाली बसवा, आणि कोरड्या जागी उभा ठेवा. दट्ट्याला गंज चढला की रबराचे कडे कापले जाते. तेल घालायचे तर जॅकचेच घाला. ब्रेकचे तेल घालू नका, त्याने आतले रबर बिघडते. जो जॅक तेल गळतो किंवा उचलून ठेवला की आपोआप बसतो, तो दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या. "अजून थोडे दिवस चालेल" असे म्हणू नका.

अपघात झालाच तर

देव न करो. पण झालाच तर दडपलेल्या माणसाला हात-पाय धरून ओढू नका. आधी गाडी उचला. दुसरा जॅक लावा, नाहीतर दहा माणसांनी हात लावा. गाडी जसजशी उचलेल, तसतसे खाली फळ्या, चाके, जे मिळेल ते सारत जा. म्हणजे ती पुन्हा बसणार नाही. एकाने त्याच वेळी १०८ हा नंबर लावावा. आपल्या महाराष्ट्रात २०१४ सालापासून या नंबरावर रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत. आमच्या त्या पोराच्या वेळी ही सोय नव्हती. माणूस बाहेर काढल्यावर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजायची घाई करू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा.

पाहणाऱ्याने बोलावे

आता शेवटचे. तुमच्यातल्या पुष्कळ बहिणी म्हणतील, "गुरुजी, आम्ही काय गाडी चालवतो? आम्हांला हे कशाला?"

बहिणींनो, तुम्हांलाच तर हे जास्त सांगायचे आहे. गाडीखाली शिरणाऱ्याला घाई असते. मालकाला घाई असते. ड्रायव्हरला घाई असते. बर्फ वितळत असतो. त्या गडबडीत ज्याला घाई नसते असा एकच माणूस तिथे असतो. तो म्हणजे पाहणारा. टोपली घेऊन उभी असलेली मावशी, शाळेला निघालेले पोर, जाळे शिवत बसलेला म्हातारा चाचा, चाकावर बसलेला मास्तर. त्याला सगळे दिसत असते. त्याने बोलावे.

काय बोलावे? फार नाही. "घोडी लावलीस का रे?" एवढेच. तो चिडेल. म्हणेल, "तुम्हांला काय कळतं?" म्हणू द्या. "एका मिनिटाचं काम आहे" म्हणेल. तेही म्हणू द्या. मग तुम्ही त्याचे सुटे चाक स्वतः ढकलत न्या आणि गाडीच्या पोटाखाली सारा. मग पाहू तो काय म्हणतो ते. फार तर तुम्हांला हसेल. हसणारा माणूस संध्याकाळी घरी जातो.

त्या मावशींचा मुलगा आज आम्ही मुद्दाम बोलावला आहे. तो तिकडे दाराजवळ बसला आहे. बाळा, तुला आम्ही रागावत नाही. तू कष्ट करून घर चालवतोस, याचे आम्हांला कौतुक आहे. फक्त उद्या मालकाला विचार, "घोडी कुठे आहे?" नाही म्हणाले तर गाडीखाली जायचे नाही. आणि मालक मंडळीही इथे दोघे-तिघे आहेत, त्यांनीही ऐकले आहे.

आता आम्ही फळ्यावर एक ओळ लिहितो. ती तुम्ही वहीत उतरून घ्या. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. घरी गेल्यावर ती मोठ्याने वाचा.

जॅक उचलतो. घोडी पेलते. घोडी नाही, तर गाडीखाली जायचे नाही.

उद्या वर्गात प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या गाडीच्या जॅकवरचा आकडा वाचून यायचे आणि पाटीवर लिहून दाखवायचा. तेवढा अभ्यास आजचा. एवढे बोलून आम्ही थांबतो. नमस्कार.